खाशाबा जाधव यांचा गुडघा : शाळेच्या मैदानासाठी एक पाठ



१५ जानेवारीला आपण राज्य क्रीडा दिन साजरा करतो. २०२३ पासून महाराष्ट्र शासनाने हा दिवस ठरवून दिला आहे, कारण त्या दिवशी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. परिपाठात आपण त्यांची माहिती सांगतो. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कुस्ती, हेलसिंकी, १९५२, कांस्य. लेकरं टाळ्या वाजवतात आणि विषय संपतो. पण १९५२ नंतर १९५६ येते, आणि त्या वर्षाबद्दल आपण मुलांना काहीच सांगत नाही. पुढचे ऑलिंपिक मेलबर्नला होते. खाशाबा तेव्हा तीस वर्षांचे होते आणि त्यांना सुवर्ण हवे होते. ते जाऊ शकले नाहीत. गुडघा दुखावला होता.

म्हणून आज त्यांचे चरित्र जरा वेगळ्या बाजूने बघूया. सोबत हाडे, सांधे आणि स्नायूंच्या दुखापतींचा पाठही घेऊया. आपल्या फुलंब्री तालुक्यात कबड्डी, खो-खो आणि जत्रेतल्या कुस्त्या खेळणारी मुले कमी नाहीत. मैदानावर पहिली दहा मिनिटे लेकराजवळ डॉक्टर नसतो, आपणच असतो.

गोळेश्वरचा पोरगा

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तिथे १९२६ साली खाशाबांचा जन्म झाला. पाच भावांत ते सगळ्यांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे घरात कुस्ती होतीच. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. ४२ च्या चळवळीचे ते दिवस होते. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या कामात हा शाळकरी मुलगाही होता. पुढे कोल्हापूरला राजाराम कॉलेज आणि सोबत तालीम. बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली ते घडले.

तालीम म्हणजे काय हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको. लाल माती, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मिसळलेले, रोज फावड्याने उकरून भुसभुशीत केलेली. पैलवान त्या मातीवर पडतो तेव्हा माती त्याला थोडी झेलते. पाय जरा घसरतो, आणि तो घसरणं सांध्याच्या फायद्याचं असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे गुडघ्याकडे येताना लागेल.

खाशाबा अंगाने लहानखुरे होते. ताकदीपेक्षा चपळाई आणि डावपेच यांवर त्यांचा भर. ढाक हा डाव त्यांचा खास मानला जाई, म्हणजे समोरच्याची मान बगलेत पकडून त्याला उचलून टाकायचे.

लंडन : गादीशी पहिली ओळख

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला मदत केली. तिथली कुस्ती मातीवर नव्हती, गादीवर होती. नियम वेगळे, गुण मोजण्याची पद्धत वेगळी. रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने त्यांना थोडे शिकवले. तेवढ्या तयारीवर फ्लायवेट गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले. इराणच्या मल्लाकडून ते हरले. एकूण क्रमांक सहावा. मातीतून थेट गादीवर आलेल्या बावीस वर्षांच्या पोरासाठी ही कामगिरी मोठी होती, पण घरी आल्यावर त्याचे फार कौतुक झाले असे नाही.

हेलसिंकी : घर गहाण आणि विश्रांती नाही

पुढची चार वर्षे त्यांनी कसून सराव केला. वजनगट वाढवून बँटमवेट, म्हणजे ५७ किलो. पण संघात निवड होतानाच अडचण आली. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत एका गुणाने त्यांना मागे टाकले गेले. खाशाबांना तो निकाल अन्यायाचा वाटला. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि पुन्हा कुस्ती लावली गेली. समोर निरंजन दास. खाशाबा जिंकले, निवड झाली.

मग प्रश्न पैशांचा. सरकारकडे मागितलेली मदत वेळेवर मिळाली नाही. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. शिक्षक मित्रहो, हे वाक्य वाचून एक क्षण थांबा. विद्यार्थ्याच्या खेळासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य. आपण क्रीडा साहित्याच्या दोन-चार हजारांच्या बिलासाठी किती फेऱ्या मारतो ते आपल्याला ठाऊक आहे.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मग जपानच्या शोहाची इशीशी कुस्ती झाली. ती शेवटपर्यंत, पंधरा मिनिटे चालली आणि खाशाबा हरले. लगेच पुढची कुस्ती सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी खेळायला सांगितले गेले. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती. पण हे नियम पुढे करून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेल्या अंगाने खाशाबा पुन्हा उभे राहिले आणि हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य.

आजच्या पाठासाठी हा प्रसंग मला पदकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. थकलेला स्नायू सांध्याला नीट धरून ठेवू शकत नाही. गुडघा, घोटा, खांदा हे सांधे फक्त हाडांवर उभे नसतात. भोवतीचे स्नायू वेळेवर आवळले जातात म्हणून ते जागेवर राहतात. स्नायू थकला की आवळायला क्षणभर उशीर होतो, आणि तेवढ्या उशिरात सांधा वळतो. शाळेच्या स्पर्धांत आपण काय करतो बघा. तालुका पातळीवर एका दिवसात सगळे सामने उरकायचे असतात. सकाळी कबड्डी खेळलेली मुलगी दुपारी खो-खोत आणि संध्याकाळी रिलेत. शेवटच्या सामन्यातच जास्त मुले का लंगडतात, याचं एक कारण इथे आहे. मुलांच्या बाजूने दोन सामन्यांमधली विश्रांती मागणारा माणूस तिथे असायला हवा. हेलसिंकीत तो नव्हता.

खाशाबा परत आले तेव्हा कऱ्हाडच्या स्टेशनवर माणसांचा पूर आला. शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाची वाट, तिला सात तास लागले असं सांगतात. आणि मग या माणसाने काय केले? कुस्त्यांचे फड लावले, त्यातून पैसा उभा केला आणि प्राचार्यांचे घर सोडवायला दिला. मुलांना सांगताना हा भाग गाळू नका.

१९५६ : गुडघा

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. नोकरी करत करत सराव सुरू होता, डोळ्यांसमोर मेलबर्न होते. त्याआधीच गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि ऑलिंपिकचा रस्ता तिथेच बंद झाला.

कुस्तीत गुडघा कसा दुखावतो ते समजून घेऊ. गुडघा हा दाराच्या बिजागरीसारखा सांधा आहे. पुढे-मागे छान हलतो. पण बिजागरीवर दार पिळलं तर काय होईल? पाय जमिनीला घट्ट रोवलेला आहे, वरचं शरीर फिरतंय, आणि त्याच वेळी समोरच्याचं वजन बाजूने अंगावर येतंय. अशा वेळी सगळा पीळ गुडघ्यात जातो. मातीत पाय थोडा सरकतो, गादीवर तो चिकटून बसतो. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्या असतात. आपल्या पुस्तकात त्यांना अस्थिबंध म्हणतात, बोलताना सगळेच लिगामेंट म्हणतात. चार मुख्य. दोन बाजूंना, दोन आत फुलीसारखे एकमेकांवरून गेलेले. शिवाय दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या कूर्चेच्या दोन गाद्या असतात. पिळामुळे यांपैकी एखादे ताणले जाते किंवा फाटते. कधी कट् असा आवाज येतो, काही तासांत गुडघा सुजून टम्म होतो, आणि नंतर चालताना तो आपोआप निसटल्यासारखा वाटतो.

आपल्याकडे एक समज आहे, हाड मोडलं म्हणजे मोठी दुखापत आणि नुसतं लचकलं म्हणजे किरकोळ. खेळाडूच्या बाबतीत हे बरेचदा उलटं असतं. हाडाला रक्तपुरवठा भरपूर, ते सरळ धरून ठेवलं की जुळतं. अस्थिबंधाला रक्त कमी मिळतं, म्हणून तो हळूहळू भरतो. गुडघ्याच्या आतला पुढचा फुलीचा अस्थिबंध पूर्ण तुटला, तर तो आपोआप क्वचितच जुळतो. कूर्चेच्या आतल्या भागात तर रक्त पोचतच नाही.

आणि काळ कोणता होता ते बघा. गुडघ्याच्या आतलं दाखवणारी एमआरआय तपासणी तेव्हा नव्हती. एक्स-रेमध्ये हाड दिसते, अस्थिबंध दिसत नाही. छोट्या छिद्रातून दुर्बीण आत घालून गुडघा तपासण्याचे तंत्र टोकियोत मासाकी वातानाबे नावाचे डॉक्टर घडवत होते. या पद्धतीने फाटलेली कूर्चा काढण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९६२ साली केली. म्हणजे मेलबर्ननंतर सहा वर्षांनी, आणि तीही इशीच्या देशात. आपल्या भागापुरतं बोलायचं तर औरंगाबादचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आपली घाटी, १९५६ सालीच सुरू झालं. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि तीन आठवड्यांनी मेलबर्नला ऑलिंपिक सुरू झाले. त्या काळात खेड्यातल्या पैलवानाचा गुडघा गेला की त्याच्याकडे तेल, लेप आणि नशीब एवढंच असायचं.

आज तसं नाही. म्हणूनच आज एखाद्या मुलाचा गुडघा केवळ आपल्याला माहीत नव्हतं म्हणून जाणं जास्त वाईट.

आता आपल्या मैदानाकडे

दुखापतींची नावे आपल्या भाषेत आधीच आहेत, फक्त कुठल्या नावाखाली आत काय झालेलं असतं ते जुळवून घ्यायचं.

मुका मार म्हणजे कातडी न फाटता स्नायूला बसलेला ठोसा. आत रक्त साकळते, जागा काळी-निळी होते. पाठीत उसण भरते किंवा मांडीमागे चमक निघते तेव्हा स्नायूचे धागे ताणलेले किंवा थोडे तुटलेले असतात. पोटरीत गोळा येतो तो मात्र दुखापत नाही. दमलेला स्नायू आखडलेला असतो. हळूच ताण द्यायचा, पाणी पाजायचं, मोकळा होतो. पाय मुरगळतो तेव्हा घोट्याचा अस्थिबंध ताणला जातो, बहुधा बाहेरच्या बाजूचा, कारण पाऊल आत वळते. सांधा निखळतो तेव्हा हाड खोबणीतून बाहेर आलेले असते. खांदा आणि बोटे यांत हे जास्त दिसते, आकार बदललेला लगेच कळतो.

मुरगळ, मुका मार, ताणलेला स्नायू या तिन्हींवर पहिला उपाय जवळपास एकच. खेळ थांबवा. खरंच थांबवा. थोडा चालून बघ, मोकळा होईल, हे वाक्य मैदानावर बंद झालं पाहिजे. दुखऱ्या जागी थंड लावा, पण बर्फ थेट कातडीवर नको, रुमालात किंवा ओल्या फडक्यात गुंडाळून, पंधरा ते वीस मिनिटे. पुन्हा दोन-तीन तासांनी. गावात बर्फ कुठून आणायचा? किराणा दुकानातल्या फ्रीजमध्ये लेकरं ज्याला पेप्सी म्हणतात त्या गोठलेल्या रंगीत पाण्याच्या लांब पिशव्या असतात. दोन-तीन फडक्यात गुंडाळल्या की उत्तम काम होते. काहीच नसेल तर माठातले पाणी. मग क्रेप बँडेज, बोटांकडून वरच्या बाजूला, बेताचे घट्ट. बोटे गार पडली, निळसर झाली, मुंग्या आल्या तर लगेच सैल करा. आणि पाय उशीवर किंवा दप्तरांच्या चळतीवर छातीपेक्षा उंच.

विश्रांती, बर्फ, दाब, उंची हे चार शब्द गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ मध्ये एकत्र बांधले आणि ते जगभर पसरले. पुढे त्यांनीच आपले म्हणणे बदलले. बर्फाने ठणका कमी होतो हे खरं, पण तो फार काळ लावत राहिलं की भरून येण्याची क्रिया मंदावू शकते, आणि पूर्ण विश्रांतीही फार लांबवू नये, असे ते सांगू लागले. म्हणून बर्फ पहिल्या एक-दोन दिवसांपुरता, आणि ठणका उतरला की दुखणार नाही इतपत हळूहळू हालचाल. आठवडाभर खाटेवर पडून राहण्याची गरज साध्या मुरगळीला नसते.

आता आपल्याकडची सगळ्यांत अवघड गोष्ट, मालिश. तालमीत मालिशला मान आहे आणि तो रास्तच आहे. मेहनतीनंतर शिणलेल्या अंगाला तेलाचा हात बरा वाटतो. पण ताज्या दुखापतीला मालिश म्हणजे आत सुरू असलेल्या रक्तस्रावाला हात घालणे. पहिले दोन-तीन दिवस चोळणे नाही, गरम शेक नाही. आंबेहळदीचा लेप आजी लावतेय तर लावू द्या, पण वरवर, न चोळता. चुना-गूळ लावताना कातडी भाजणार नाही एवढं बघा, लहान लेकरांची कातडी कोवळी असते. जखम झालेली असेल तर त्यावर यातलं काहीच नको.

हाड मोडलं असेल तर

मोडलं की नाही हे आपण ठरवायचं नाही. एक्स-रे ठरवतो. आपण फक्त संशय घ्यायचा. संशय कधी घ्यायचा? अवयव वाकडा दिसतोय, हाडावर बोट ठेवलं की नेमक्या जागी कळ जाते, मूल त्या पायावर चार पावलंही टाकू शकत नाही, किंवा हात पोटाशी धरून बसलंय आणि हलवू देत नाही.

अशा वेळी अवयव आहे त्या स्थितीत आधार द्या. वर्गातली मोजपट्टी, दुमडलेलं वर्तमानपत्र, पुठ्ठा, काहीही चालतं. मोडल्याची शंका असलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे हलणार नाहीत अशी बांधणी हवी. हातासाठी ओढणीची झोळी गळ्यात. पायासाठी दुसऱ्या पायाची पट्टी, म्हणजे दोन्ही पाय मध्ये कपडा ठेवून एकत्र बांधायचे. हाड बाहेर आलं असेल तर ते आत ढकलू नका, स्वच्छ कपड्याने झाका. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून दवाखान्यात पोचेपर्यंत खाणं-पिणं देऊ नका. धीर द्यायला चहा पाजणारे खूप असतात, त्यांना प्रेमाने थांबवा. मूल मानेवर पडलं असेल, मान-पाठ दुखतेय म्हणत असेल किंवा हातापायात मुंग्या असतील, तर उचलून बसवू नका. आहे तसं ठेवा आणि १०८ ला फोन करा.

आता हाडवैद्याबद्दल. हा विषय नाजूक आहे, कारण आपल्या घराघरांत कुणीतरी हाडवैद्याकडून बरं होऊन आलेलं असतं. आपली परंपरा यात कोरी नाही. सुश्रुतसंहितेत सांधे निखळण्याचे सहा आणि हाडे मोडण्याचे बारा प्रकार दिले आहेत, आणि झाडांच्या सालींच्या पट्ट्या बांधून हाड स्थिर करण्याची पद्धतही. आधार देऊन स्थिर ठेवायचं, हे तत्त्व आजचं प्लॅस्टरही पाळतं. धोका तत्त्वात नाही, दोन गोष्टींत आहे. एक, एक्स-रे न बघता ओढून बसवणे. निखळलेल्या खांद्याला किंवा कोपराला लागून शिरा आणि मज्जातंतू जातात, आंधळ्या ओढीत ते चिरडले जातात. दोन, करकचून बांधणे. मूल हातावर पडतं तेव्हा कोपराच्या जरा वरचं हाड मोडण्याचं प्रमाण मोठं आहे. तिथे सूज येते, त्यावर बांबूच्या पट्ट्या घट्ट आवळल्या की पुढच्या हाताला रक्त मिळत नाही. काही तासांत स्नायू मरायला लागतात. मग बोटं पंज्यासारखी आत वळतात आणि ती सहसा पूर्ण सरळ होत नाहीत. फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्ये याचे वर्णन केले. आजही अशी मुले बघायला मिळतात. बांधल्यावर मूल रडून सांगत असेल की खूप दुखतंय, बोटं सरळ केली की जास्त दुखतंय, तर ते नाटक समजू नका. पट्टी कुणीही बांधलेली असो, अगदी दवाखान्यातलं प्लॅस्टर असलं तरी, लगेच परत न्या. रात्र काढू नका.

मुलांच्या हाडांची आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. लांब हाडांच्या टोकांशी वाढीचा थर असतो. हाड लांबीला तिथूनच वाढते. मोठ्या माणसाचा जिथे अस्थिबंध ताणला जातो, तिथे मुलाचा हा थर फाटू शकतो, कारण तो अस्थिबंधापेक्षा कमजोर असतो. बाहेरून मुरगळच दिसते. दुर्लक्ष झालं तर पुढे तो हात किंवा पाय वाकडा वाढू शकतो. शिवाय मुलांचे हाड कोवळ्या फांदीसारखं अर्धवटही मोडतं, सूज कमी येते आणि मूल दुसऱ्या दिवशी थोडंफार खेळतंही. म्हणून दोन दिवसांत बरीच सुधारणा दिसली नाही की एक्स-रे काढून घ्या. खर्चाचा विचार येतोच, पण सरकारी दवाखान्यात तो परवडतो.

परत मैदानावर

दुखापतीनंतर सगळ्यांत जास्त घाई पुन्हा खेळण्याची असते. कधी मुलाला, कधी आपल्याला. संघात तोच चांगला चढाईपटू असतो ना! घोटा एकदा मुरगळला आणि पुरता बरा होण्याआधी पुन्हा खेळवला, की तो पुन्हा मुरगळतो. साधा निकष वापरा. दुखऱ्या पायावर एकट्याने उभं राहता येतं का, त्या पायावर लंगडी घालता येते का, पळता पळता वळता येतं का, आणि हे सगळं न दुखता होतं का. लंगडी ही आपली फार चांगली परीक्षा आहे, फुकटही आहे. मधल्या काळात त्याला पंचाचं काम द्या, गुण मांडायला बसवा. तो संघातून तुटत नाही आणि घाईही करत नाही.

खाशाबा ऑलिंपिकला पुन्हा गेले नाहीत. पोलीस खात्यात मात्र राहिले. खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम केले. सत्तावीस वर्षांची नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. ती बढती निवृत्तीच्या अगदी तोंडावर मिळाली, आणि नंतर पेन्शनसाठी झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल घेऊन धावण्याचा मान त्यांना मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात ते गेले. वय ५८.

नंतर १९९६ साली लिअँडर पेसने अटलांटात टेनिसचे कांस्य जिंकले, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांनी भारताला पुन्हा वैयक्तिक पदक मिळाले आणि लोकांना खाशाबांची आठवण झाली. मरणोत्तर शिवछत्रपती पुरस्कार मिळाला, मग अर्जुन पुरस्कार. पद्म पुरस्कार अजून नाही. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव दिले गेले.

येत्या १५ जानेवारीला भाषणाच्या जोडीला एक तास मैदानावर घ्या, ही विनंती. सातवी-आठवीच्या मुलांच्या जोड्या करा. एकाने दुखापत झाल्याचं सोंग घ्यायचं, दुसऱ्याने ओढणीची झोळी बांधायची, वर्तमानपत्राची पट्टी लावायची, बोटांचा रंग बघायचा. मुलांना हे इतकं आवडतं की घरी जाऊन धाकट्या भावंडांना बांधून ठेवतात, तेवढी तक्रार पालकांनी सहन करावी. क्रीडा साहित्याच्या पेटीत दोन क्रेप बँडेज, दोन मोठे त्रिकोणी रुमाल, कात्री, चिकटपट्टी, स्वच्छ सुती कापड आणि एक जुनी मोजपट्टी ठेवा. झाकणाच्या आतल्या बाजूला १०८, जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर आणि बर्फ मिळणाऱ्या दुकानाचं नाव लिहून चिकटवा. पेटीला कुलूप लावू नका. लावलंच तर किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात नको, मैदानावर जो असेल त्याच्या खिशात असू द्या.